मनगट बारीक आहे, काय करू?

प्रश्न : वय २२. तालमीत आम्ही टेपने हात मोजले. माझं मनगट साडेसहा इंच, मित्राचं साडेसात. व्यायामाने जाड होईल का?

उत्तर : फारसं नाही, आणि त्याची खंतही नको. मनगटात मुख्यतः हाडं नि कंडरा असतात. हाडांची ठेवण बरीचशी जन्मजात, आणि या वयात ती पक्की झालेली असते. कोपराखालचा हात मात्र नक्की भरतो, कारण बोटं मिटवणारे मोठे स्नायू तिथेच आहेत. दोर चढा, मुद्गल फिरवा, जड वजनं हातात धरून चाला. पकडही वाढेल. माप नेहमी व्यायामाआधी घ्या, कारण नंतर रक्त भरून घेर जास्त दिसतो. मनगट दुखलं तर वजन लगेच कमी करा.