रंगीत कणाची साक्ष

भाचा : मामा, तलासरीला हमरस्त्यावरच्या एका दुकानात वारली चित्रांची कापडे अस्सल म्हणून विकत होते, पण सगळ्यांवरची रेघ अन् रेघ सारखी, म्हणजे यंत्रावर छापलेली. वस्तूच्या अंगातच सूक्ष्म कण घालून तिची ओळख पटवतात म्हणे, ते कसे?

मामा : मेलामाइनसारख्या कठीण प्लास्टिकचे निरनिराळ्या रंगांचे अतिशय पातळ थर एकावर एक देऊन एक तक्ता तयार करायचा आणि तो इतका बारीक दळायचा की एकेक कण नुसत्या डोळ्यांना धुळीहून वेगळा दिसू नये, ही त्याची कृती, मात्र कण कितीही लहान झाला तरी थरांचा क्रम अबाधित राहतो, आणि तो क्रम हीच त्याची मुद्रा.

भाचा : पण रंग ते किती, आणि कारखाने किती! संकेत पुरणार कसे?

मामा : दहा रंग आणि सात थर एवढेच घे. लगतचे दोन थर एकाच रंगाचे ठेवता येत नाहीत, कारण ते सूक्ष्मदर्शकाखाली एकच जाड थर भासतील. या अटीने ५३,१४,४१० रचना निघतात. शिवाय कणाला शेंडा-बुडखा नसल्यामुळे उलटसुलट वाचून जुळणाऱ्या रचना एकच धराव्या लागतात. तरीही २६,६०,८५० संकेत उरतात.

भाचा : आणि कोर्टात ते टिकतात?

मामा : टिकले आहेत. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत १९७०च्या दशकात ही युक्ती निघाली ती मुळी स्फोटकांसाठी. १९७९ साली मेरिलँड राज्यात एका गाडीत स्फोट होऊन माणूस मेला, तेव्हा अवशेषांतून वेचलेल्या कणांवरून स्फोटकाचा गट, गटावरून विक्रीची नोंद आणि नोंदीवरून खरेदीदार असा माग लागून आरोपी दोषी ठरला. स्वित्झर्लंडने तर स्फोटकांत असे कण घालणे कायद्यानेच सक्तीचे केले. पण नीट पाहा, कणाने फक्त गट सांगितला. माणसाचे नाव सांगितले ते विक्रेत्याच्या वहीने. वही नसती तर तो कण म्हणजे रंगीत कचराच.

भाचा : मग आपल्या वारली चित्रांत तो घालायचा कोठे? मागच्या चिठ्ठीवर?

मामा : चिठ्ठी उचकटून नकली कापडाला डकवता येते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जी कला लग्नघराच्या भिंतीवरून कागदा-कापडावर आणून जगभर नेली, तिच्यात तांदळाच्या पिठाच्या रेघेखाली गेरूचा किंवा शेणाचा लेप असतो. त्या लेपात चिमूटभर कण मिसळले, तर चित्र बिघडवल्यावाचून ते काढता येणार नाहीत. खूण मालाशी एकजीव असावी, यावर माझा कटाक्ष आहे.

भाचा : आणि घोलवडचा चिकू? त्यालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मामा : खाण्याच्या जिनसाला प्लास्टिक लावणे मला मुळीच मंजूर नाही. पेटीच्या छपाईच्या शाईत ते घालता येईल. पण रिकाम्या पेटीत कोणी परमुलखाचा माल भरला, तर तोच कण मुकाट्याने खोटी साक्ष देईल. तेथे पेटी उघडताच फाटेल असे मोहोरबंद झाकण हवे.

भाचा : वारली चित्रांची वही मग कोणी ठेवावी? व्यापाऱ्याने?

मामा : नव्हे! १९९९च्या कायद्याप्रमाणे चेन्नईच्या दप्तरात मानांकनाची नोंदवही असते आणि तिच्या ‘ब’ भागात प्राधिकृत वापरकर्त्यांची नावे चढतात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर चित्रे काढणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव आधी तेथे दाखल व्हावे, आणि मगच त्या नावासमोर कणाचा संकेत लिहिला जावा. आपल्या पाड्यावरच्या किती जणांची नावे चढली आहेत, ते उद्या विचारून ये. अर्ज मी लिहून देतो.