कडबाकुट्टी यंत्र आणि तिसरी पिन

मुंबई शहरातील म्हशींचे तबेले शहराबाहेर नेण्याकरिता 1949 साली गोरेगावनजीक आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तबेला म्हटला की वैरण आली, आणि आज वैरण कापावयास विजेची कडबाकुट्टी आली. हे यंत्र बहुधा गोठ्यालगतच्या पडवीत असते. तेथील जमीन ओली असते व माणसाचे हातही ओले असतात. अंधेरी-मुलुंडकडे घरालगतच्या मोटारखान्यात विजेची हत्यारे वापरणाऱ्यांनाही पुढील विवेचन लागू आहे.

दोन अश्वशक्तीची एककला मोटार चालताना साधारणतः 10 ते 12 अँपिअर प्रवाह घेते व सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. दिव्या-पंख्यासाठी असलेला 6 अँपिअरचा सॉकेट तिला पुरा पडत नाही. तिला 16 अँपिअरचा सॉकेट व निदान 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार हवी. लांब तार गुंडाळलेल्या स्थितीत वापरू नये. वेटोळ्यात उष्णता कोंडते व तारेवरील आवरण मऊ होते.

आता मुख्य मुद्दा. प्लगची सर्वांत जाड व लांब पिन भूसंपर्काची, म्हणजे अर्थिंगची असते. ती लांब ठेवण्याचे कारण असे की, प्लग लावताना ती प्रथम जोडली जावी व काढताना शेवटी सुटावी. सॉकेटात बसत नाही म्हणून हीच पिन काढून टाकणारे पुष्कळ आढळतात. “इतकी वर्षे काही झाले नाही,” हे त्यांचे उत्तर ठरलेले असते. झाले नाही, कारण मोटारीतील तार अद्याप सांगाड्याला टेकलेली नाही.

ती टेकली आणि अर्थिंग नसले, तर यंत्राला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीत जातो. ओल्या शरीराचा रोध 1,000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला हा प्रवाह 0.23 अँपिअर होतो. माणूस दगावण्यास तो पुरेसा आहे, परंतु 16 अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही लागत नाही. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. त्याकरिता 0.03 अँपिअर गळतीला तुटणारा गळतीरोधक खटका बसवावा. त्यावरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. मात्र त्या बटणाने खटक्याचीच परीक्षा होते, अर्थिंगची नव्हे. अर्थिंग परवानाधारक तारतंत्र्याकडून पावसाळ्यापूर्वी मोजून घ्यावे.

जनावरांना धोका माणसाहून अधिक आहे. पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठे असल्याने जमिनीत पसरलेला प्रवाह छातीतून जातो. गव्हाणीजवळ म्हैस विनाकारण बिचकू लागली, पाण्याला तोंड लावीना, तर आजाराबरोबर विजेच्या गळतीचीही शंका घ्यावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गोठ्यास भेट देताना प्लगची तिसरी पिन शाबूत आहे काय, एवढे तरी अवश्य पाहावे.

कोणी यंत्राला चिकटल्यास त्याला हात लावू नये. प्रथम मुख्य खटका बंद करावा. तो लांब असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे. श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीदाब सुरू करून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.