युरियाचं पोतं फोडण्याआधी मुळी बघ

सूनबाई, यंदा सोयाबीन-तुरीचा कारभार तुझ्याकडे आहे, म्हणून पेरणी तोंडावर यायच्या आत सांगून ठेवते. रायझोबियमची, म्हणजे मुळीवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंची, बाटली घेताना आधी त्यावरची तारीख बघ, मग पिकाचं नाव. आतले जिवाणू जिवंत असतात आणि भारी चोखंदळ असतात. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याला गाठ धरत नाहीत, हरभऱ्याचे सोयाबीनला चालत नाहीत. तूर आपल्या मातीतली जुनी, तिचे सोबती रानात बहुधा असतातच. सोयाबीन मुळात चीनकडचं. ज्या रानात ते कधी पेरलेलंच नाही, तिथे त्याचे जिवाणू आपणच न्यावे लागतात.

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर, जिवाणू. हा क्रम उलटा करायचा नाही, औषधाने जिवाणू मरतात. दहा किलोला १०० मिली पुरे. सोयाबीनचं साल फार पातळ असतं, घासलं की निघतं आणि मग दाणा उगवत नाही. म्हणून ताडपत्रीवर पसरून हलक्या हाताने वरखाली कर. पाण्यात भिजवायचं तर मुळीच नाही. सावलीत सुकव आणि त्याच दिवशी पेर. बाटली बांधावर उन्हात पडली, तर पेरणीआधीच आतला माल मेला म्हणून समज.

पुढे पीक फुलावर येऊ लागलं, साधारण पस्तीस-चाळीस दिवसांचं झालं, की चार ठिकाणची झाडं काढून बघ. हाताने उपटू नको, गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपण उगाच म्हणतो, गाठी धरल्या नाहीत. कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढायचं आणि बादलीत हळू धुवायचं. गाठ मुळीला बाजूने चिकटलेली असते, नखाने सहज सुटते. मुळीच फुगून वेडीवाकडी झाली असेल आणि गाठ सुटत नसेल, तर ते सूत्रकृमीचं काम, त्याचा इलाज वेगळा.

सुटलेली गाठ नखाने फोड. आत गुलाबी-लालसर निघाली, तर नत्राचं काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या भाऊबंदाचा. जिवाणूंना श्वासापुरती हवा पोचते, पण नत्र बांधणाऱ्या यंत्रणेला प्राणवायू बाधत नाही, हा तोल ते द्रव्य राखतं. आत पांढरं असेल तर गाठ कच्ची आहे, नाहीतर कुचकामी. हिरवट असेल तर तिचं काम संपलं.

हे बघितल्याशिवाय युरियाला हात लावू नको. झाड जिवाणूंना साखर देतं, तेव्हा कुठे ते हवेतला नत्र झाडाला देतात. आयतं ताट समोर आलं तर चूल कोण पेटवील? मुळीपाशी नत्र भरपूर सापडला की झाड गाठी धरायचंच कमी करतं. पेरणीच्या खतात असतो तेवढा नत्र चालतो. आपल्याकडे मात्र पान पिवळं दिसलं की पोतं फोडायची घाई.

पिवळं कोणतं पान, ते आधी बघ. खालची जुनी पानं सगळीच पिवळी पडत असतील, तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या रानात लोह मिळत नाहीये, तिथे युरियाने काही होत नाही. आणि झड लागून रानात पाणी साचलं असेल, तर गाठी गुदमरलेल्या असतात. आधी चर काढून पाणी बाहेर काढ, वाफसा येऊ दे, मग खताचं बघू. रुंद वरंबा-सरीवर पेरलंस तर ही वेळ कमी येते.

रब्बीला हरभरा मुळासकट उपटायची आपल्याकडे जुनी खोड आहे. विळ्याने कापून घे, मुळ्या गाठींसकट रानातच राहू देत. आणि हरभऱ्याची बाटली आत्ता सोयाबीनबरोबर आणून माळ्यावर टाकू नको. पेरणीच्या आठवड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठातून ताजी आण, जाऊबाईंच्या वाट्याचीही त्यातच घे.