चाळीस पैसे आणि भट्टीआधीचे चार तास

खरेदी विभागाची कामगिरी म्हणजे गेल्या वर्षीच्या तुलनेत यंदाचा दर किती खाली आणला याचा आकडा, ही समजूत छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात इतकी मुरलेली आहे की ती तपासून पाहावी असे बहुतेक कारखान्यांत कोणाला वाटतही नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने प्रेस शॉप, मशीन शॉप, रबर व प्लेटिंगची कामे करणाऱ्या लहान-मोठ्या घटकांची वीण या परिसरात तयार झाली. त्या विणीतच वरच्याने दरकपात मागायची, मधल्याने ती खालच्याच्या गळ्यात टाकायची आणि सर्वांत खालच्याने ती मुकाट्याने सोसायची, हा रिवाजही रुजला. वास्तविक पुरवठा साखळी व्यवस्थापन या संज्ञेत तीन प्रवाह अभिप्रेत आहेत: कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत जाणारा माल, त्याच्या उलट दिशेने येणारा पैसा आणि दोन्ही दिशांनी वाहायला हवी अशी माहिती. दरकपातीचा आकडा यांपैकी फक्त पैशाकडे पाहतो, आणि त्याचीही एकच बाजू पाहतो.

हे मोजमाप फसवे ठरते, कारण दरात झालेली बचत खरेदी विभागाच्या नावावर जमा होते, तर नाकारलेला माल गुणवत्ता विभागाच्या, थांबलेली लाइन उत्पादन विभागाच्या आणि तातडीने धाडलेल्या गाडीचे भाडे वाहतुकीच्या खात्यावर पडते. हे सारे एकत्र मांडून निघणाऱ्या बेरजेला वस्तूचा एकूण खर्च म्हणतात; ती बेरीज करण्याची जबाबदारी नेमून दिलेली नसल्याने वर्षअखेरीस खरेदी विभागाचे कौतुक होते आणि कारखान्याचा नफा मात्र घटलेला असतो.

प्रस्तुत लेखकाने वाळूजमधील एका सुट्या भागांच्या कारखान्यात खरेदीचे काम पाहत असताना ही चूक स्वतः केली आणि तिचे परिणामही भोगले. वस्तू होती अंगठ्याच्या नखाएवढी, पोलादी पट्टीची स्प्रिंग क्लिप. छावणीकडून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पडेगाव येथील एका पत्र्याच्या शेडमध्ये, मोजक्या प्रेसवर ती अनेक वर्षे तयार होत होती, आणि तिच्याबद्दल एकही तक्रार आलेली नव्हती. बाहेरगावच्या एका पुरवठादाराने नगामागे चाळीस पैसे कमी सांगितले. ड्रॉइंग तेच, कठीणपणा तोच, जस्ताच्या मुलाम्याची जाडी तीच. पहिला लॉट तपासणीत बिनतक्रार उतरला आणि पडेगावची ऑर्डर बंद झाली.

दुसऱ्याच आठवड्यात, लाइनवर बसवलेल्या क्लिपा बाहेरून कोणताही भार नसताना, जोडलेले भाग नुसते क्रेटमध्ये पडलेले असताना तुटू लागल्या. कठीण केलेल्या पोलादावर विजेच्या साहाय्याने जस्त चढवताना हायड्रोजन धातूत शिरतो आणि ताणाखाली असलेला भाग काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तडकतो. तपासणीच्या टेबलावर तो भाग मात्र निर्दोष दिसतो. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: मुलामा दिल्यानंतर साधारण चार तासांच्या आत माल सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत कित्येक तास तापवून हायड्रोजन बाहेर काढणे. पडेगावचे शेडमालक प्लेटिंगवाल्याकडून क्रेट त्याच दुपारी स्वतः टेम्पोतून आणून ते भट्टीत लावत असत. ड्रॉइंगवर ही अट लिहिलेली नव्हती. ती त्यांच्या सवयीत होती, आणि चाळीस पैसे हे त्या भट्टीच्या विजेचे आणि दुपारच्या त्या फेरीचे मोल होते. बसवलेले भाग उकलण्यात, उरलेला साठा वेगळा काढण्यात आणि ग्राहकाची मनधरणी करण्यात तीन दिवसांत जे गेले, ते वर्षभराच्या अपेक्षित बचतीहून अधिक होते.

दर कमी करून मागण्यापूर्वी त्या दरात काय काय समाविष्ट आहे हे विचारणे, हा या अनुभवाचा पहिला धडा होय. दरपत्रकात कच्चा माल, प्रक्रिया, उष्णोपचार, मुलामा, वाहतूक असे पदर वेगळे मागावेत, आणि पुरवठादार बदलण्याआधी जुन्याच्या शेडमध्ये एक पूर्ण दिवस उभे राहून माल कोणत्या हातांतून जातो ते पाहावे. कागदावर न आलेले ज्ञान तेथेच दिसते.

दुसरा धडा वस्तू ओळखण्याचा. पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात खरेदीच्या वस्तूंची विभागणी दोन कसोट्यांवर सुचवली: नफ्यावर होणारा परिणाम आणि पुरवठ्यातील जोखीम. त्या कसोट्यांवर ही क्लिप स्वस्त पण अडवणारी, म्हणजे जिच्या अभावी सगळे काम खोळंबते अशी वस्तू होती; तिची खरेदी मात्र बाजारात कोठेही मिळणाऱ्या खिळ्याप्रमाणे झाली. जपानमध्ये १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली, तेव्हा ब्रेकच्या एका लहानशा व्हॉल्व्हअभावी टोयोटाचे उत्पादन जवळजवळ सर्वत्र थांबले; पण शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदर या कंपनीसह अनेक पुरवठादार तो व्हॉल्व्ह तयार करायला धावले आणि काही दिवसांतच उत्पादन पुन्हा सुरू झाले. एकाच ठिकाणावर विसंबण्याचा धोका या घटनेत आहेच. त्याहून मोलाची गोष्ट अशी की वर्षानुवर्षे जपलेले संबंध अडचणीच्या वेळी क्षमता म्हणून उभे राहिले.

पडेगावला परत जाण्याची वेळ आली तेव्हा असा संबंध शिल्लक नव्हता. शेडमालकांनी प्रेस दुसऱ्या कामाला लावले होते, आणि त्यांची जुनी बिले नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ रखडलेली होती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातील तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजाही मिळत नाही. तरीही ‘थोडे थांबा, पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर खरेदी विभागात आजही सहज दिले जाते, आणि पुढच्या ऑर्डरच्या भीतीने लहान उद्योजक तक्रार करत नाही. दुसऱ्याच्या खेळत्या भांडवलावर आपली शिल्लक राखण्याची ही पद्धत अन्यायाची आहे, आणि लाइन ज्याच्या मालावर चालते त्यालाच ती खिळखिळे करते.

म्हणून खरेदीच्या मोजमापात दराशेजारी आणखी काही रकाने हवेत: वेळेवर व पूर्ण संख्येने आलेला माल, नाकारलेले नग, मुदतीत अदा झालेली बिले, आणि दिलेले शेड्यूल किती वेळा बदलले. हा शेवटचा रकाना बहुधा कोठेच नसतो. वरच्या मागणीतील लहानसा चढउतार खाली जाताना प्रत्येक टप्प्यावर वाढत जातो, हे प्रणाली-अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्येच दाखवले होते. सोमवारी दहा हजार नग मागून गुरुवारी चार हजारांवर येणाऱ्या शेड्यूलने लहान शेडमध्ये नको असलेला साठा तुंबतो.

क्लिपच्या ड्रॉइंगवर आता भट्टीचे तापमान आणि वेळ लिहिलेली आहे. पडेगावच्या शेडमालकांनी काम पुन्हा घेतले ते दोन अटींवर: सहा आठवड्यांचे शेड्यूल आगाऊ मिळावे आणि बिल तिसाव्या दिवशी खात्यात जमा व्हावे. नवा दर जुन्याहून दहा पैशांनी जास्त ठरला, आणि तो घासाघीस न करता मान्य करण्यात आला.