स्वस्तातला बॉल पायथन: घरी आणला तर खर्च किती?

मोबाइलवर जाहिरात दिसते: मुठीत वेटोळं घालून बसलेलं बॉल पायथनचं पिल्लू. एक जण भाव सांगतो, दुसरा त्याच्यापेक्षा दोन हजार कमी, तिसरा म्हणतो, पेटीसकट देतो. पिंपळनेरसारख्या गावात एखाद्या मुलाने त्यासाठी घरी हट्ट धरला, तर आईवडिलांनी 'नाही' म्हणायच्या आधी त्याच्यासोबत बसून हिशेब मांडावा. या प्राण्याच्या बाबतीत खरेदीची रक्कम हाच सगळ्यात छोटा आकडा असतो. ती जितकी खाली आलेली, तितका मागचा खर्च तुमच्या अंगावर येण्याची शक्यता जास्त.

आधी कायद्याचं बोलू, कारण तिथे चूक झाली तर पुढच्या हिशेबाला अर्थच नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ या आपल्याकडच्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते हौसेने पाळता येत नाहीत, विकताही येत नाहीत. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. अशा परदेशी प्राण्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात वेगळी चौथी अनुसूची आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियमही निघाले. त्यानुसार प्राणी कोणाकडे आहे, त्याला पिल्लं झाली का, तो दुसऱ्याला दिला का, या सगळ्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. नोंदणीचा कागद मागा आणि हस्तांतरण तुमच्या नावावर कसं होणार ते विचारा. 'कागद नंतर पाठवतो' असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

बिनकागदाचा साप स्वस्त का पडतो, याचं एक उत्तर विमानतळावर मिळतं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. असा माल बाजारात आला की घरी नियमाने पैदास करणाऱ्याला त्याच्या भावाशी टक्कर देणं अशक्य होतं.

पण प्रामाणिक हौशी माणसंही एकमेकांचा भाव पाडतात. अमेरिकेत १९९२ मध्ये पहिल्यांदा पांढरा-पिवळा अल्बिनो बॉल पायथन बंदिवासात पैदा झाला, १९९७ मध्ये पाइबाल्ड. सुरुवातीला हे रंग हजारो डॉलरना विकले गेले. मग ज्याने त्याने जोड्या लावल्या आणि तेच रंग काही शे डॉलरवर आले. मादी एका वेळी साधारण चार ते आठ अंडी घालते, आणि अनेकांची पिल्लं एकाच हंगामात बाहेर पडतात. सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात आला की काय होतं, हे साक्री तालुक्यात वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की कांदा चाळीत ठेवता येतो. पिल्लाला आठवड्याला उंदीर लागतो. त्यामुळे विक्रेता पाचशे कमी करतो, शेजारचा हजार करतो, आणि घेणारा आणखी उतरेल म्हणून थांबून राहतो.

घसरलेला भाव भरून काढायला कुठेतरी काटछाट होतेच. चार-पाच वेळा व्यवस्थित खाण्याआधीच पिल्लू विकलं जातं. गोचिडांसाठी वेगळं ठेवून तपासायचे आठवडे वगळले जातात. मादीला विश्रांती न देता पुन्हा जोडीला लावतात. 'स्पायडर' नावाच्या रंगात तर मान डुगडुगण्याचा दोष त्या जनुकासोबतच येतो. हा रंग मी कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका असंच सांगेन.

आता घरचा खर्च. आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक बदलतील. प्रौढ सापाला चार फूट लांबीची बंद पेटी लागते. सुताराकडून प्लायवूडची करून घेतली तर सहा ते दहा हजार. हीट मॅट, थर्मोस्टॅट, तापमान-आर्द्रता मोजणारं यंत्र, लपायला दोन जागा आणि पाण्याचं जड भांडं मिळून तीन-चार हजार. थर्मोस्टॅटवर पैसे वाचवू नका, त्याच्याशिवाय साप भाजतो.

पेटीच्या एका बाजूला ३१-३२ अंश, दुसऱ्या बाजूला २५-२७ अंश हवं. चाळीस वॅटची मॅट दिवसाला बारा तास चालली तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट जातात, तो खर्च किरकोळ आहे. आपल्याकडे खरा त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात धुळे जिल्ह्यात पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. या सापाला साधारण साठ टक्के आर्द्रता लागते. ती नसली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरही राहून जाते. म्हणजे खोलीत कूलर आला, वीज गेली तर इन्व्हर्टर आला. थंडीत रात्रीची वीज गेली तरी तीच अडचण.

खायला वर्षाला चार-पाच हजार धरा. वीज, अंथरूण, दुरुस्तीला तीन-साडेतीन हजार. सापांचे आजार जाणणारा पशुवैद्य जवळपास मिळणं कठीण. नाशिक, नाहीतर पुणे-मुंबई गाठावं लागेल, एका फेरीचे तीन हजार सहज. म्हणजे वर्षाला दहा-अकरा हजार. बॉल पायथन वीस ते तीस वर्षं जगतो. वीस धरली तरी दोन लाखांच्या वर खर्च जातो. त्यापुढे जाहिरातीतली दोन हजारांची सूट काहीच नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला की उंदीर कोण आणणार, हेही आजच ठरवा.

घ्यायचाच असेल तर प्रत्यक्ष जाऊन घ्या. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल पाठवतो म्हणणाऱ्याकडून मुळीच नको. साप तुमच्यासमोर खाताना पाहा, त्याची जन्मतारीख आणि खाण्याची वही मागा. हे देणारा माणूस शेजाऱ्यापेक्षा जास्त पैसे मागेल. ते द्या.

आणि घरात असा साप आधीच असेल, सांभाळणं जमत नसेल, तर तो पांझरेच्या काठी सोडू नका. थंडीत तो मरेल, नाहीतर शेतात कोणीतरी घोणस समजून ठेचेल. वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून पुढे काय करायचं ते विचारा.