ऐकू येतं, पण कळत नाही

‘मला सगळं ऐकू येतं हो डॉक्टर, हीच तोंडातल्या तोंडात पुटपुटते!’ साठी ओलांडलेल्या आजोबांची ही तक्रार आम्हा डॉक्टरांना नवी नाही. आजोबा खोटं बोलत नसतात. वयानुसार येणारा बहिरेपणा सगळेच आवाज सारखे कमी करत नाही, आधी उंच पट्टीतले नेतो.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि सहसा त्याच आधी निकामी होतात. गेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. स, श, फ, थ ही व्यंजनं याच पट्टीतली, म्हणून ती गळतात आणि स्वर तेवढे पोचतात. भाजीवाला ‘साठ’ म्हणतो, आपल्याला ‘आठ’ ऐकू येतं. नातवंडांचं बोलणं निसटतं, लग्नाच्या हॉलमध्ये तर काहीच लागत नाही.

म्हणून घरच्यांनी ओरडू नये. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी स्पष्ट होत नाहीत, वर माणूस दुखावतो तो वेगळाच. आधी नावाने हाक मारा, समोर उजेडात बसा, टीव्ही बंद करा आणि जरा सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा.

कमी ऐकू येतंय असं वाटलं, की पहिल्यांदा कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ तो काही मिनिटांत काढतात. कानकाडीने मळ आणखी आत ढकलला जातो. कोमट तेल तर घालूच नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन जंतुसंसर्ग होतो.

मळ नसेल तर ऑडिओमेट्री करा. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि शिट्टीसारखा बारीक आवाज आला की बटण दाबायचं. यात दुखत काही नाही. पन्नाशीनंतर एकदा आणि साठीनंतर दर एक-दोन वर्षांनी ही तपासणी व्हावी.

श्रवणयंत्र सुचवलं तर लाजू नका. ‘अजून चालतंय’ म्हणत वर्षं घालवली, की माणूस गप्पांतून, भिशीतून, देवळातल्या बैठकीतून हळूहळू बाजूला पडतो. श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंधही अभ्यासांत आढळला आहे. यंत्र लावल्यावर पहिले काही दिवस भांड्यांचा, पंख्याचा आवाज नकोसा होतो, कारण मेंदूची सवय मोडलेली असते. सुरुवातीला घरातच रोज दोन-तीन तास लावा, वेळ वाढवत न्या आणि सेटिंग बदलून घ्यायला पुन्हा जा. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी करा. अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना त्यातून श्रवणयंत्र मोफत मिळू शकतं.

जे शिल्लक आहे ते जपणंही आपल्याच हातात आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांहून अधिक सोसू नये, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपासून लांब राहा, फोमचे बोळे वापरा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी काही इंजेक्शनं कानाला अपाय करू शकतात, म्हणून उपचार सुरू होतानाच ऐकू कमी येत असल्याचं सांगा. चालू असलेलं औषध मात्र परस्पर बंद करू नका.

आणि एक अपवाद नीट लक्षात ठेवा. एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं तर ते वयाचं नव्हे. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी ऐकणं परत येण्याची आशा जास्त. ‘सर्दीने दडे बसलेत, आठवडाभर पाहू’ असं म्हणत थांबू नका.