अखेरच्या आजाराची इयादत



मुसलमानाचे मुसलमानावर पाच हक्क आहेत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सलामाचे उत्तर देणे, आजाऱ्याची इयादत करणे, जनाज्यासोबत जाणे, निमंत्रण स्वीकारणे आणि शिंकणाऱ्यासाठी दुआ करणे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. या पाचांपैकी इयादत आणि जनाजा यांच्या मधल्या काळाचा आज विचार करू या.

समजा, इंदिरानगरात तुमच्याच इमारतीत राहणाऱ्या शेजाऱ्याचे ऑपरेशन झाले. तुम्ही फळे घेऊन जाता, धीर देता, दुआ करता. काही महिन्यांनी कर्करोग शरीरभर पसरतो. आता रोग हटवणारा उपचार उरला नाही, असे डॉक्टर सांगतात आणि घरचे त्याला परत आणतात. त्या दिवसापासून जिन्यावरची वर्दळ कमी होऊ लागते. लोकांच्या मनात दुष्टावा नसतो. ‘लवकर बरे व्हाल’ असे म्हणता येत नाही आणि दुसरे काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून पावले थांबतात. पुढे एके दिवशी आपण थेट जनाज्यालाच जातो. मधले आठवडे तो माणूस भिंतीकडे पाहत पडून होता, त्याचा हक्क मात्र आपल्याकडे तसाच बाकी राहिला.

सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा आहे की, कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारेल, मी आजारी होतो तेव्हा तू का आला नाहीस? दास चकित होईल, तेव्हा त्याला सांगितले जाईल की, माझा अमुक दास आजारी होता, तू त्याच्याकडे गेला असतास तर मला तेथे पावला असतास. तो आजार बरा होण्याजोगा असावा, अशी अट येथे नाही.

मस्जिदीतील तंबू

खंदकच्या युद्धात हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. वारंवार भेटीला जाता यावे म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी मस्जिदीतच तंबू उभारला, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांच्याकडे त्यांची शुश्रूषा सोपवली होती. प्रेषित (स.) जाता-येता विचारपूस करीत की, सकाळ कशी गेली, संध्याकाळ कशी गेली, आणि साद (रजि.) आपले वर्तमान सांगत. अखेर ती जखम पुन्हा फुटली आणि त्यांचे निधन झाले. इमाम बुखारी यांच्या ‘अल्-अदबुल मुफ्रद’मध्ये या विचारपुशीची नोंद आहे. वाचकहो, हे प्रश्न किती साधे आहेत ते पाहा. त्यात उपदेश नाही आणि खोटी आशाही नाही.

आजच्या काळात अशा सेवेला हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. रोग हटत नसला तरी वेदना, धाप, जखमा आणि मनाची तळमळ हलकी करता येते, हा तिचा पाया आहे. लंडनमध्ये 1967 साली डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. आपल्या राज्यात 1986 साली मुंबईच्या वांद्रे येथे शांती अवेदना सदन उभे राहिले. ते देशातील पहिले हॉस्पिस होय. केरळमध्ये 1993 साली कोझिकोड येथे या कार्याला प्रारंभ झाला. पुढे मुस्लिमबहुल मलप्पुरम जिल्ह्यात वस्तीवस्तीतील सामान्य लोक थोडे प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्यांच्या घरी नियमाने जाऊ लागले. हे काम करायला डॉक्टरच असावे लागते असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

स्वयंसेवकाने काय शिकावे?

पहिली गोष्ट म्हणजे रुग्णाशी वाद घालू नये. प्रेषित (स.) एका वृद्ध बदूच्या भेटीला गेले आणि चिंता नको, अल्लाहने इच्छिले तर हा आजार पापांपासून शुद्ध करणारा ठरेल, अशा आशयाचे बोलले. म्हातारा वैतागून म्हणाला की, हा तर कबरीकडे नेणारा जळता ताप आहे. बुखारीच्या नोंदीनुसार प्रेषित (स.) एवढेच म्हणाले की, बरे, मग तसे असो. रुग्ण रागावला, निराश झाला, तरी त्याचे ऐकून घ्यावे. ‘सब्र करा’ हा शब्द आपल्या तोंडी सोपा असतो; सोसायचे त्याला असते.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत गंभीर आजारी असताना प्रेषित (स.) यांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, चेहऱ्यावरून व पोटावरून फिरवला आणि दुआ केली. त्या हाताचा गारवा पुढे कित्येक वर्षे जाणवत राहिला, असे साद (रजि.) सांगत. रुग्णाला चालत असेल तर हात हाती घेऊन बसा. महिला रुग्णांकडे भगिनींनी जावे.

तिसरी गोष्ट तल्कीनची. मरणासन्न माणसाला कलिम्याची आठवण करून द्यावी, अशी शिकवण आहे. परंतु त्याच्यामागे लागू नये. हजरत अब्दुल्लाह बिन मुबारक (रह.) यांच्या अखेरच्या क्षणी एक जण पुनःपुन्हा कलिमा म्हणायला सांगू लागला. तेव्हा ते म्हणाले की, मी एकदा म्हटला आहे आणि दुसरे काही बोललो नाही तोवर मी त्यावरच आहे. इमाम तिर्मिजी यांनी ही घटना नोंदवली आहे.

चौथी गोष्ट, वेदना सोसत राहणे हीच श्रद्धा, असे कोणाला सांगू नये. वेदनाशामक म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिन दिले तर घरचे घाबरतात, ही नशा आहे म्हणतात. गरजेपुरता आणि वैद्यांच्या देखरेखीखाली त्याचा वापर बहुसंख्य फिकहतज्ज्ञ वैध मानतात. अशा औषधांची उपलब्धता सुकर व्हावी म्हणून 2014 साली देशाच्या अमली पदार्थविषयक कायद्यातही दुरुस्ती झाली. स्वयंसेवकाने मात्र स्वतः औषध देऊ नये की बंद करू नये.

पाचवी गोष्ट अमानतीची. हॉस्पिसमध्ये सर्व धर्मांचे रुग्ण असतात. आपली सेवा करणारा ज्यू मुलगा आजारी पडला तेव्हा प्रेषित (स.) त्याच्या उशाशी जाऊन बसले आणि वडिलांच्या समोरच त्याच्याशी धर्माविषयी बोलले. आपण तर अनोळखी घरात सेवेच्या विश्वासावर प्रवेश केलेला असतो. कोणाच्या असहायतेला संधी मानू नये. धर्मात जबरदस्ती नाही, हे कुरआनच्या सूरह बकराचे मार्गदर्शन आहे. हिंदू रुग्णाला भजन ऐकायचे असेल तर त्याच्या घरच्यांना तसे कळवावे. तेथे पाहिलेले, ऐकलेले मस्जिदीच्या पायरीवर सांगू नये.

आणि डोळे भरून आले तर लाजू नये. नातवाचा श्वास घरघरत असताना प्रेषित (स.) यांचेही डोळे वाहिले आणि ही अल्लाहने अंतःकरणात ठेवलेली दया आहे, असे त्यांनी सांगितले.

आजपासून काय करावे?

प्रत्येकाच्या शहरात हॉस्पिस नसेल. मरणाला टेकलेला शेजारी मात्र प्रत्येक मोहल्ल्यात आहे. इंदिरानगर असो, वडाळागाव असो की जुने नाशिक, जुम्याच्या नमाजनंतर चार-पाच जणांनी बसून अशा घरांची यादी करावी. आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवावी व ती मोडू नये. घरच्यांना आधी विचारून जावे, अर्धा तास बसावे. रात्र-रात्र जागणाऱ्या पत्नीला किंवा सुनेला तेवढ्या वेळात झोप मिळाली, तरी तीही सेवाच आहे. निघताना पुन्हा कधी येणार ते सांगावे, आणि त्या दिवशी नक्की यावे.

ज्या खोलीत आज आपण जायला कचरतो, त्या खोलीत उद्या आपलेच अंथरूण असणार आहे. तेव्हा दारावर कोणाची तरी थाप ऐकू यावी, असे आपल्यालाही वाटेल.

अल्लाह आपणा सर्वांना आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचे धैर्य देवो, जे वेदनेत आहेत त्यांना आराम देवो आणि आपला सर्वांचा अंत श्रद्धेवर करो. आमीन.